पावसाच्या निबंधाला दहापैकी चार



परीक्षेचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास असते. "पोराला गणितात बरे मार्क पडतात, इतिहास-भूगोल पाठ करतो, पण निबंध लिहायला बसवला की पेन चावत बसतो. काय करावे?" मागे दोन-तीन वेळा अशी पत्रे आली आणि आम्ही ती बाजूला ठेवली. उत्तर ठाऊक नव्हते असे नाही. उत्तर द्यायचे तर आधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगावी लागणार होती, आणि ती सांगायला जीभ रेटत नव्हती. आज सांगून टाकतो.

नोकरीची बरीच वर्षे आम्ही महापालिकेच्या शाळेत सातवीला मराठी शिकवले. १९९४ सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. वर्गात बासष्ट मुले. "पावसाळ्यातील एक दिवस" असा विषय फळ्यावर लिहून दिला आणि दुसऱ्या दिवशी वह्यांचा गठ्ठा कापडी पिशवीत घालून घरी आणला. रात्री जेवण झाल्यावर लाल पेन घेऊन बसलो. बासष्ट वह्या म्हणजे एका वहीला दोन मिनिटे धरली तरी दोन तास. सगळे निबंध एकाच साच्यातले. धरणीमातेने हिरवा शालू नेसला, मोराने पिसारा फुलवला, बळीराजा आनंदला. ज्या मुलाने हे सर्वांत सफाईने उतरवले होते त्याला आम्ही दहापैकी आठ दिले. तो आमच्या शाळेमागच्याच चाळीत राहणारा. मोर त्याने पाहिला असेल तर राणीच्या बागेत, पिंजऱ्यात.

मग एका मुलीची वही आली. तिने असे लिहिले होते: "पाऊस आला की आमच्या घरात पानी येतं. पयल्यांदा चुलीजवळ येतं. आई पिठाचा डबा खाटेवर ठिवती. दप्तर माळ्यावर. बाबांना रातपाळी व्हती म्हनून मी आनि आईच पानी काढत व्हतो. मी मोजत व्हते. एकशे चाळीस डबे झाले. मग मोजायचं सोडून दिलं. सकाळी शाळेत आले तेव्हा युनिफार्म वल्ला व्हता."

आम्ही काय केले? 'पानी'भोवती लाल वर्तुळ, 'आनि'भोवती वर्तुळ, 'व्हती'भोवती वर्तुळ, 'पयल्यांदा' आणि 'ठिवती'वर काट. पानभर वर्तुळे झाली. खाली शेरा मारला, "अशुद्ध लेखन. बोलीभाषा टाळावी. निसर्गवर्णन नाही." आणि दहापैकी चार.

वास्तविक बासष्ट पोरांत पावसाळ्यातल्या एका दिवसाबद्दल लिहिणारी तेवढी एकच होती.

याहून वाईट पुढेच आहे. त्या मुलीचा पुढचा निबंध आला तो सरळ गाईडातून. वर्तुळे कमी झाली, मार्क सातवर गेले, आणि आम्ही तिला वर्गापुढे उभी करून "बघा, हिने कशी प्रगती केली" म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानंतर वर्षभर तिच्या वहीत तिच्या घरची एक ओळ आली नाही.

गेल्या महिन्यात ती आमच्याकडे आली. आता दोन लेकरांची आई आहे, एका दवाखान्यात आयाचे काम करते. "जयभीम सर," म्हणाली, "ही माझी मोठी, आठवीला आहे. हिला तेवढं निबंधाचं सांगा." चहा झाला, आणि बोलता बोलता हसत म्हणाली, "सर, तुम्ही मला पावसाच्या निबंधाला चार मार्क दिले होते." तीस वर्षे तिने ते चार मार्क जपून ठेवले होते! काय लिहिले होते ते मात्र तिला आठवत नव्हते. आम्हाला आठवत होते. एकशे चाळीस डब्यांचे आम्हीच तिला सांगितले. "असं लिहिलं होतं मी?" म्हणाली, आणि थोडा वेळ गप्प बसली.

तिची लेक कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली होती. गाईडची जागा आता मोबाईलने घेतली आहे. त्याला विषय सांगितला की मिनिटभरात तो अख्खा निबंध लिहून देतो, तोही अगदी शुद्ध. फक्त त्याच्या घरात कधी पाणी शिरलेले नसते.

आता मार्कांविषयी. आपल्या घरांत मार्क म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सरांनी चार दिले म्हणजे पोराची लायकीच चार. गणितात हे काही अंशी खरे असेल, लेखनात नाही. अमेरिकेत एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस नावाची परीक्षा घेणारी मोठी संस्था आहे. पॉल डीडरिक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथे १९६१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलांचे ३०० निबंध घेतले आणि ५३ जाणत्या माणसांना तपासायला दिले. त्यांत प्राध्यापक होते, लेखक-संपादक होते, वकील होते, कंपन्यांचे अधिकारीही होते. प्रत्येकाने प्रत्येक निबंधाला १ ते ९ पैकी एक श्रेणी द्यायची. निकाल काय लागला? ३०० पैकी १०१ निबंधांना १ पासून ९ पर्यंत सगळ्याच्या सगळ्या श्रेणी मिळाल्या! म्हणजे तोच निबंध कोणाला अगदी टाकाऊ वाटला, कोणाला सर्वोत्तम. पाचपेक्षा कमी वेगवेगळ्या श्रेणी मिळालेला एकही निबंध निघाला नाही.

म्हणजे तपासणारे लबाड होते काय? नाही. प्रत्येक जण वेगळ्या गोष्टीकडे पाहत होता. डीडरिक मंडळींनी शेरे चाळून पाहिले तेव्हा पाच गट पडले. कोणी मुलाच्या विचारांना मार्क देत होता, कोणी मांडणीला, कोणी शब्दांच्या निवडीला, कोणी लिहिण्याच्या ढंगाला, तर कोणी केवळ शुद्धलेखन-विरामचिन्हांना. जुलैच्या त्या रात्री आम्ही पाचातल्या एकाच गोष्टीला मार्क दिले आणि तेच मराठी, असे त्या मुलीला वाटू दिले. डीडरिक यांचे पुढे असे मत झाले की मुलाने जे चांगले केले ते हेरून त्याला सांगितले तर त्याचे लेखन जितके सुधारते, तितके चुका काढून सुधारत नाही. आम्हाला हे निवृत्तीनंतर वाचायला मिळाले. पन्नाशीच्या आत कोणी सांगितले असते तर किती वह्या वाचल्या असत्या.

कोणी विचारील, मग शुद्धलेखन सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. नोकरीचा अर्ज, पोलीस ठाण्यातली तक्रार, कोर्टातले प्रतिज्ञापत्र प्रमाण भाषेत लिहिता आले नाही तर तोटा आपल्याच लेकरांचा होतो. दहावीला मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २४ गुण एकट्या उपयोजित लेखनाला आहेत, म्हणजे पत्र, बातमी, जाहिरात, कथा, निबंध यांना. ते मार्क आपल्या मुलांनी घ्यायलाच हवेत. आमचे म्हणणे क्रमाबद्दल आहे. भिंत उभी राहण्याआधी कोणी गिलावा करतो काय? आधी सांगायचे ते सांगून होऊ द्या, मग ऱ्हस्व-दीर्घ पाहू.

शिवाय हे नियम आकाशातून पडलेले नाहीत. आज शाळेत शिकवतात ते मराठी लेखनाचे नियम साहित्य महामंडळाने ठरवले, १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार. त्यांनी जुन्या लिखाणातले न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधी छापलेले मराठीतले मोठमोठे ग्रंथ आजच्या मुलाने जसेच्या तसे उतरवले तर वहीभर लाल वर्तुळे होतील. माणसांनी केलेला नियम शिकावा, पाळावाही, पण त्याच्यापुढे मान खाली घालून मुके होऊ नये.

यावरून मुक्ता साळवेची आठवण होते. फुले दांपत्याच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. तिने त्यात धरणीमातेचा शालू आणलेला नाही. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न केला आहे. आपल्या बाया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, थंडी-पावसात त्यांचे काय होत असेल याचा आपल्या अनुभवावरून विचार करा, असे ती वाचणाऱ्याला सांगते. शाळेत जेमतेम तीन वर्षे झालेली ही पोर! ज्यांनी तिला शिकवले त्यांनी तिला अक्षर दिले आणि बोलायला विषयही तिचाच ठेवला. पावसात भिजणारे घर तिच्याही निबंधात होते आणि आमच्या सातवीतल्या मुलीच्याही. १८५५ साली तो निबंध छापला गेला. १९९४ साली आम्ही दहापैकी चार दिले.

लेखन शिकवायचे कसे, याचे आम्हाला सर्वांत पटलेले उदाहरण मात्र दूर इटलीतले आहे. फ्लॉरेन्स शहराजवळच्या डोंगरात बार्बियाना म्हणून एक लहानसे खेडे. तिथे लोरेंझो मिलानी नावाच्या पाद्र्याने शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी शाळा चालवली होती. यातली पुष्कळ मुले सरकारी शाळेतून नापास होऊन आलेली. त्यांतल्या आठ जणांनी मिळून आपल्याला नापास करणाऱ्या बाईंना उद्देशून एक लांबलचक पत्र लिहिले. १९६७ साली त्याचे पुस्तक झाले, जगभर गाजले. मराठीतही ते 'प्रिय बाई' या नावाने आले आहे. आपल्या वाचनालयात नसेल तर मागून घ्या.

त्या पत्रात एका परीक्षेची हकिकत आहे. डोंगरातला हा चौदा वर्षांचा मुलगा बाहेरून परीक्षेला बसला. निबंधाचा विषय काय, तर "रेल्वेचे डबे बोलतात"! वाचून आम्ही कपाळावर हात मारला. आपल्याकडचे "मी फाटके पुस्तक बोलतोय" त्याचेच भावंड. बार्बियानात तो शिकला होता की सांगण्यासारखे काही महत्त्वाचे असेल, चारचौघांच्या उपयोगाचे असेल आणि कोणासाठी लिहितो ते ठाऊक असेल तर लिहावे. आता रेल्वेचा डबा बोलला काय आणि न बोलला काय! प्रामाणिकपणे लिहायचे तर कोरा कागद द्यायला हवा. पण पुढच्या शिक्षणासाठी तो कागदाचा तुकडा पाहिजे होता. म्हणून त्याने बड्या घरच्या पोरांसारखे लिहिण्याचा प्रयत्न केला, आणि त्यांना ती सवय असल्याने त्यांचे अर्थातच अधिक चांगले झाले.

बार्बियानाची रीत सांगतो. प्रत्येकाच्या खिशात छोटी वही. मनात विचार आला की लगेच टिपायचा. मग एका कागदावर एकच विचार, तोही एकाच बाजूला. एक दिवस सगळे कागद मोठ्या टेबलावर पसरायचे. तोच विचार दोघांचा असेल तर एक काढून टाकायचा. जे एकमेकांना लागून आहेत त्यांची चळत करायची. प्रत्येक चळतीला नाव द्यायचे. नाव सुचत नसेल तर समजावे की तिच्यात एकतर काहीच नाही किंवा फार कोंबले आहे. मग चळतींचा क्रम लावायचा आणि लिहून काढायचे. त्यानंतर खरी मजा. जास्तीचा शब्द कोण शोधतो याची चढाओढ! फुकाची विशेषणे, तेच ते, खोटे, अवघड शब्द, लांबलचक वाक्ये, सगळ्याला कात्री. शेवटी बाहेरच्या माणसाला बोलावून वाचून दाखवायचे, आणि तो माणूस शक्यतो फार शिकलेला नसावा. त्याला कळले नाही तर चूक लिहिणाऱ्याची.

बंधू-भगिनींनो, शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय पोराच्या अभ्यासातलं" असे म्हणणारी आई, पाळीवरून आलेला बाप, गावाकडून आलेली आजी, यांचीच तिथे गरज आहे. पोराला म्हणावे, "वाच मोठ्यानं." भाकरी थापता थापता ऐकावे. जिथे कळले नाही तिथे "थांब, हे मला नाही समजलं" म्हणावे. जिथे घाईत आटोपले असेल तिथे "मग काय झालं?" विचारावे. "तेव्हा तू कुठं होतास? ती काय म्हणाली?" एवढे तीन-चार प्रश्न पुरे. त्यांची उत्तरे पोराने समासात लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी निबंध पुन्हा लिहावा. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी एकच गोष्ट. या आठवड्यात फक्त 'न' आणि 'ण', पुढच्या आठवड्यात शब्दाच्या शेवटची वेलांटी. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की मूल सगळेच सोडून देते, हे आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

"पुन्हा लिही" म्हटले की पोरे तोंड वाकडे करतात, त्यांना ती शिक्षा वाटते. आम्हीच ती शिक्षा केली, त्याला ते काय करणार? त्यांना बाबासाहेबांच्या प्रबंधाची गोष्ट सांगा. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध त्यांनी १९२२ साली लंडनला सादर केला. परीक्षकांना त्यातली मांडणी मानवली नाही, तो पुन्हा लिहून आणावा असे त्यांनी सांगितले. जवळचे पैसे संपत आलेले. बाबासाहेब मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, निष्कर्ष मात्र हलवले नाहीत. १९२३ साली पदवीही मिळाली आणि ग्रंथही छापून आला. त्याला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक कॅनन यांनी तिथे आपले मतभेद लपवलेले नाहीत, तरी प्रस्तावना लिहिली. मास्तर असा असावा.

आणि गाईड? ते जाळा असे आम्ही म्हणत नाही. पत्राचा मायना, बातमीचा मथळा, परिच्छेद कुठे पाडायचा, हे त्यातून अवश्य पाहावे. मात्र आधी स्वतःचे लिहून झाल्यावर गाईड उघडावे. आधी उघडले की मोर बाहेर पडतोच.

हे सगळे बोलणे सोपे, म्हणून आमच्या वस्तीतल्या विहारात गेले पाच रविवार करून पाहिले. अकरा मुले जमली. त्यांत त्या मुलीची आठवीतली लेकही होती. विषय मुलांनीच निवडला, सार्वजनिक संडासावरचा बंद पडलेला दिवा. बायकांना आणि मुलींना रात्री जाता येत नाही. जुन्या वह्यांची पाठकोरी पाने फाडून चिठ्ठ्या केल्या. पहिल्या रविवारी एकोणतीस चिठ्ठ्या जमल्या, त्यांतल्या नऊ तर एकच होत्या, "अंधार असतो." एका चिठ्ठीवर होते, "आई रात्री पाणीच पीत नाही." ती वाचल्यावर थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग चर्चा झाली की ही चिठ्ठी पत्रात घालावी की नाही. मोठ्या मुलांना लाज वाटत होती. जिची चिठ्ठी तिने सांगितले, "घाला. माझ्या आईला विचारलंय मी."

तिसऱ्या रविवारी पत्र वाचून दाखवायला वस्तीतल्या एका आजींना बोलावले. मुलांनी "सदर ठिकाणी प्रकाशव्यवस्थेचा अभाव असल्याकारणाने" असे कुठून तरी उचलून घातले होते. आजी म्हणाल्या, "म्हंजी काय रं?" तिथेच ते वाक्य कापले गेले आणि "दिवा १४ तारखेपासून बंद आहे" असे आले. शुद्धलेखन चौथ्या रविवारी तपासले. बोलीतले शब्द बदलले, दोन मात्र मुलांनी बदलू दिले नाहीत, आम्हीही हट्ट धरला नाही.

पाचव्या आठवड्यात सोमवारी दोन मुले आणि एक पालक जाऊन पत्र कार्यालयात देऊन आले. पोच मिळाली आहे, शिक्क्यासह. दिवा अजून लागलेला नाही. मुले येत्या रविवारी स्मरणपत्र लिहायला बसणार आहेत. कच्चा खर्डा यावेळी आठवीतली ती मुलगी करणार आहे, आणि तो आधी आईला वाचून दाखवून आणीन म्हणाली आहे.